खडेच आहेत तर काढत का नाहीत?

बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ओसरीवर बसला होतास आणि मी चहा तसाच टाकून आत निघून गेलो. तुला ते रागाचं वाटलं असणार. राग नव्हता. तू सहज म्हणालास, "भाई, आजी सारखी विचारते, खडेच आहेत तर काढत का नाहीत?" आणि मला तिथे बसवेना. का, ते लिहितो.

आधी तुझ्या घरचं. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला, वय ८१. पित्तनलिकेत नळी घातली, कावीळ उतरली, अंगाची खाज थांबली आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की आजीला पित्ताचे खडे सांगायचे. खरी फाइल तुझ्या स्कूटरच्या डिकीत, रेनकोटखाली. काका म्हणतात मुंबईला नेऊन केमो देऊ, आई म्हणते नको, आणि तू मला विचारतोस बरोबर कोण. मला काय विचारतोस? आजीला विचार.

१९९४ साली माझ्या वडिलांना पोटाचा कर्करोग निघाला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून चार वर्षं होती. रात्रीच्या बसने मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं: फार पुढे गेलंय, घरी न्या, त्यांना काही बोलू नका. मी वडिलांना म्हटलं, अल्सर आहे. आता गंमत बघ, अल्सर त्यांना ठाऊक होता. वाड्यावरच्या एकाचा ऑपरेशन करून बरा झालेला त्यांनी पाहिला होता. ते विचारू लागले, माझं ऑपरेशन कधी? मी म्हणायचो, पाऊस जाऊ दे. मग, गणेशचवथ होऊ दे. मग, दिवाळी होऊ दे. त्याच वर्षी मी घराची नवी बाजू बांधायला काढली होती, अंगणात चिऱ्यांचा ट्रक रिकामा होताना ते खाटेवरून बघत असत.

ते गेल्यानंतर बाराव्याला आमचे नारळ पाडणारा पाडेली जेवायला आला होता. हात धुताना म्हणाला, "बाबा एकदा बोलले होते, मुलाकडे चिऱ्यांना पैसे आहेत, बापाच्या पोटाला नाहीत."

त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की बरं होण्यासारखा आजार आहे आणि मुलगा पैशाकडे बघतोय. मी त्यांना मरणाच्या भीतीतून वाचवायला गेलो आणि त्यांच्या हाती माझ्याबद्दलचा हा हिशोब देऊन बसलो. तो चुकता करायला आता कोणी नाही.

त्या काळी सगळेच असं करायचे, हेही लिहून ठेवतो. डॉक्टरांनीच बजावलं होतं. मी जेमतेम तिशीचा, धाकटीचं लग्न ठरत होतं. मॉर्फिन मागावं तर १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे इतके परवाने लागायचे की औषधवालेच ते ठेवत नसत. यातलं काहीही खोटं नाही. तीस वर्षं मी ते स्वतःला सांगत आलोय, आज तुलाही सांगून टाकलं. असो.

तू म्हणशील, भाई सांगायला सांगतात. नाही रे. मी विचारायला सांगतोय. दोन्हींत फरक आहे आणि तो मला आत्याने शिकवला. २०११ साली तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी ताठ होऊन तिच्यापुढे बसलो, वडिलांच्या वेळची चूक आता भरून काढायची म्हणून. म्हटलं, "आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय तुला, की थोडंच?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नाव नको सांगूस. चवथीला मी घरी असेन ना, तेवढं सांग." म्हटलं, असशील. पुढच्या चवथीचं तिने विचारलं नाही. मग तिने स्वतःच यादी काढली: पाटल्या कोणाला, कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाटाचं पाणी कोणत्या वारी कोणाचं, गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला रानातली कांगलां कुठल्या डोंगरावरून आणायची. आजाराचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. पण मला एकदाही फसवा म्हणाली नाही.

तुमच्या घरात पदवीधर मोजून पाच. आणि जिने साठ वर्षं फणसावर टिचकी मारून आतला गरा ओळखला, तिला तुमची कुजबुज ओळखता येत नाही असं तुम्हाला वाटतं!

तूच म्हणालास, रात्री ती उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसते. या आजाराचं दुखणं पाठीत जातं, आडवं झालं की वाढतं, वाकलं की जरा हलकं होतं. ती तक्रार करत नाही कारण तिच्या लेखी ते खड्याचं दुखणं आहे, आज ना उद्या जाईल. तिला विचार, कुठे दुखतं, किती दुखतं, झोप किती लागते. आणि ते डॉक्टरांना सांग. मॉर्फिनचं नाव निघालं की काका सवय लागेल म्हणून ओरडतील, ओरडू देत. २०१४ साली कायदा बदललाय, आणि कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, ती कळवळेपर्यंत थांबायचं नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घे, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. डोस किती, ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

आईला सांग, दर दोन तासांनी वाटी घेऊन उभी राहू नकोस. आजी जेवत नाही म्हणून खंगत नाहीये, आजारच अन्न अंगी लागू देत नाही. तिला काय हवंय ते विचारा. उकड्या तांदळाची दोन चमचे पेज आणि मिठातलं तोर, म्हणजे कैरी, मागितलं तर तेच तिचं जेवण.

केमोचंही तेच. या वयात, या टप्प्यावर केमोने आजार जाणार नाही. झालाच तर काही काळाचा फायदा होईल, पण त्यासाठी मुंबईच्या खेपा, सुया, ओकाऱ्या. तो काळ काकांनी काढायचा नाही, आजीने काढायचाय. घरी की मुंबईला, हे तिला कोणी विचारलं का? व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हेही माणूस आधी लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं आणि २०२३मध्ये सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. इस्टतीचंही बघ. आपल्या गोव्याच्या कायद्यात अर्धा वाटा मुलाबाळांसाठी बांधलेलाच असतो, पण उरलेल्या अर्ध्याबद्दल तिच्या मनात काही असेल तर ती शुद्धीवर असतानाच बोलू शकेल. ज्याला खडे झालेत तो मृत्युपत्र कशाला करेल?

कसं विचारायचं म्हणतोस? दुपारी, बाकीचे झोपले की. पाय चेपत बस. "आजी, तुला काय वाटतं, काय झालंय तुला?" एवढंच, आणि मग गप्प राहा. ती विषय बदलेल तर तूही बदल, चार दिवसांनी पुन्हा विचार. ती रडली तर तू धीर द्यायची घाई करू नकोस, रडू दे. तूही रडशील, त्याला काय झालं. आईबाबांना आधी कल्पना दे, त्यांच्या पाठीमागून करू नकोस. काका माझ्यावर चिडले तर त्यांना माझ्याकडे पाठव.

आणि फाइल डिकीतून आजच काढ. असल्या पावसात ती भिजली तर पुढच्या डॉक्टरांना दाखवणार काय? रेनकोट तरी घालत जा.

तुझा,
भाई