40 पीसींच्या लॅबला डिप्लॉयमेंट टूल लागतं का? पेन ड्राइव्हवर भागत नाही का?

निपाणीची तुमची शिक्षणसंस्था, लॅबमध्ये 40 पीसी, नुडीपासून (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) ब्राउझरपर्यंत सगळं पेन ड्राइव्हने टाकता आणि संस्थाचालक म्हणतात टूल कशाला. डिप्लॉयमेंट टूल म्हणजे एका जागेवरून सगळ्या पीसींवर सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्रॅम. बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात मी हेच वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून लिहितोय.

आमची फाउंड्री. डोमेन होतं, म्हणजे सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात. पॅचसाठी, म्हणजे विंडोजच्या दुरुस्त्यांसाठी, मी डब्ल्यूसस (त्या सगळ्या पीसींना वाटणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) उभा केला होता. मॅनेजर म्हणायचे, "मशीनपाशी गेल्याशिवाय काम होतंय काय ओ? एएमसीवाल्याचा पोरगा येतोय की." एएमसीवाला म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट घेतलेला. त्याचा पोरगा यायचा, रिकामे दिसतील ते पीसी करायचा, ज्यावर कुणी बसलेलं असेल तो राहायचा. कुठला राहिला, याची नोंद कुठेच नसायची.

12 मे 2017, शुक्रवारी, वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. तो विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरत होता, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. सोमवारी सकाळी मॅनेजर माझ्या टेबलाशी उभे. मी डब्ल्यूससचा रिपोर्ट उघडला. विंडोज 7चा प्रत्येक पीसी नावानिशी, समोर 'इन्स्टॉल्ड'. उरला एकच, स्पेक्ट्रोमीटरला (धातूतले घटक तपासणारं यंत्र) जोडलेला जुन्या विंडोज एक्सपीचा पीसी. एक्सपीचा सपोर्ट 2014लाच संपलेला, त्याला मार्चचा पॅच नव्हताच. त्याची लॅन केबल काढली, मायक्रोसॉफ्टने हल्ल्यानंतर काढलेला पॅच हाताने टाकला. तोवर मेटलचे रिझल्ट कागदावर लिहून भट्टीकडे गेले. शेजारच्या युनिटात पोरं पेन ड्राइव्ह घेऊन अंधार पडेपर्यंत फिरत होती. टूल हवं ते यासाठी. काय राहिलं ते कळतं.

आता तुमचं. डोमेन असेल तर एमएसआय फाइल (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) ग्रुप पॉलिसीने, म्हणजे डोमेनवरून सगळ्या पीसींना लागू होणाऱ्या सेटिंगने, पाठवा, वेगळे पैसे लागत नाहीत, पीसी सुरू होताना सॉफ्टवेअर बसतं. इन्स्टॉलर ईएक्सई फाइल असेल तर सायलेंट स्विच (काही न विचारता बसवायला लावणारा शब्द) शोधून तो स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये, घाला, आधी एकाच पीसीवर करून बघा. विंडोज होम डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागतं, ते पहिल्यांदा तपासा. डोमेनच नसेल तर ओपीएसआय हे डिप्लॉयमेंट टूल बघा, ओपन सोर्स आहे, पण लिनक्स सर्व्हर सांभाळणारा माणूस पाहिजे.

अ‍ॅडमिन पासवर्ड एएमसीवाल्याकडे ठेवू नका. आमच्याकडे यावरून मोठं भांडण झालं, माझं मत आजही तेच आहे. संस्थाचालक ऐकत नसतील तर विचारा, मागच्या खेपेला कुठले पीसी सुटले त्यांची नावं द्या.

एक राहिलं. ग्रुप पॉलिसी स्वतः सुटलेल्या पीसींची अशी यादी देत नाही, प्रत्येक पीसीचा इव्हेंट लॉग (विंडोजची घडामोडींची नोंदवही) बघावा लागतो. यादीच हवी असेल तर पीडीक्यू डिप्लॉयसारखं टूल घ्या. डब्ल्यूससमध्ये नवीन काही येणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने 2024मध्ये जाहीर केलंय, तेव्हा नव्याने त्यावर उभारणी करू नका. आणि लॅब सुटल्यावर शिपाई मेन स्विच पाडत असेल तर रात्री काहीच जाणार नाही, त्याला आधी सांगून ठेवा.