भूराजकीय, भूराजनैतिक, भूसामरिक: शब्द तीन, अर्थ किती?

विचारणा अशी आहे: "आंतरराष्ट्रीय घडामोडींवरच्या लेखांत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांत फरक आहे का? उदाहरणार्थ हे वाक्य: 'बदलत्या भूराजनैतिक परिस्थितीत जागतिक सत्तांतर घडत असून खाडी देशांतील चोक पॉइंट भूसामरिकदृष्ट्या महत्त्वाचे ठरत आहेत.' यातले कोणते शब्द योग्य, आणि चोक पॉइंटला मराठी शब्द आहे का?"

फरक आहे. नमुन्याच्या वाक्यातले चार शब्द बदलावे लागतील. सर्वांत जास्त खटकतो तो 'भूराजनैतिक', म्हणून आधी तोच घेऊ.

हिंदीत पॉलिटिक्सला राजनीति म्हणतात, त्यामुळे तिथे राजनैतिक म्हणजे राजकीय. मराठीत पॉलिटिक्स म्हणजे राजकारण आणि त्याचे विशेषण राजकीय. 'राजनैतिक' हा शब्द मराठीने वेगळ्याच कामाला लावला आहे: राजनैतिक संबंध, राजनैतिक अधिकारी, राजनैतिक संरक्षण. म्हणजे दूतावास, राजदूत आणि वाटाघाटी यांच्याशी निगडित. हिंदीत या कामासाठी 'राजनयिक' हा निराळा शब्द आहे, म्हणून त्यांचा घोटाळा होत नाही, आपला होतो. 'दोन्ही देशांतील राजनैतिक तणाव' असे मराठीत वाचले की राजदूत परत बोलावला असेल असे वाटते, आणि तसेच वाटायला हवे. त्याच शब्दाला 'भू' चिकटवला तर वकिलातींचा भूगोल असा काहीतरी अर्थ होतो. तेव्हा विशेषण भूराजकीय आणि नाम भूराजकारण.

'भूराजनीती' मात्र मी सरसकट खोडणार नाही. मराठीत राजनीती म्हणजे राज्य चालवण्याची रीत, धोरण. त्यामुळे एका देशाने आपल्या भूगोलाला धरून आखलेले धोरण असेल तर ती त्याची भूराजनीती. आणि अनेक देशांचा नकाशावर चाललेला जो खेळ, ते भूराजकारण. हा भेद उपयोगी आहे, फक्त पाळणारे थोडे. गंमत म्हणजे जुन्या मराठी पत्रव्यवहारात 'राजकारण' हा शब्द बहुतेकदा आतून संधान बांधणे, गुप्त मसलत करणे अशा अर्थाने येतो. आंतरराष्ट्रीय संबंधांना तो अर्थ काही परका नाही.

आता 'भू'. भूदल, भूसंपादन, भूमाफिया या शब्दांत भू म्हणजे जमीन. त्यामुळे भूराजकारण म्हणजे जमिनीवरून चाललेले राजकारण, असे पुष्कळांना वाटते. इथला भू हा 'भूगोल'चा आखूड अवतार आहे, आणि त्यात समुद्र, हवामान, डोंगर, नद्या, खनिजे सगळे येते. 'जिओपॉलिटिक्स' हा मूळ शब्द स्वीडनच्या रुडॉल्फ चेलेन या राज्यशास्त्रज्ञाने 1899 मध्ये घडवला. पुढे जर्मनीत कार्ल हाउसहोफरच्या हाती तो पडला, नाझींच्या विस्तारवादाशी जोडला गेला, आणि 1945 नंतर बरीच वर्षे विद्यापीठांतून जवळजवळ वाळीत टाकल्यासारखा होता. 1970 च्या दशकात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या तोंडी तो वारंवार येऊ लागला आणि पुन्हा चलनात आला. हाल्फर्ड मॅकिंडर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाचे 1904 मधले व्याख्यान या विषयाचा पाया मानतात, पण स्वतः मॅकिंडरने हा शब्द वापरला नव्हता.

शब्द योग्य जागी आहे का हे पाहण्याची एक सोपी कसोटी सांगतो. वाक्यातल्या देशांना मनातल्या मनात नकाशावर दुसरीकडे उचलून ठेवा. गोष्ट जशीच्या तशी घडली असती, तर 'भू' उगाच आहे.

2018 मध्ये अमेरिकेने पोलादावर 25 टक्के आयातशुल्क लावले. ते शेजारच्या कॅनडालाही लागले आणि महासागरापलीकडच्या युरोपीय संघालाही. देश कुठे आहे याने फरक पडला नाही. हा व्यापारी तणाव आहे, भूराजकीय नव्हे. याउलट 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू केले. त्यांच्याकडे सांगण्यासारखे आरमार नाही. पण बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी त्यांच्या किनाऱ्याच्या टप्प्यात येते, आणि तिथून न जाणाऱ्या जहाजाला सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालावा लागतो. आशिया-युरोप फेरीला दहाएक दिवस जास्त, तेवढे इंधन जास्त आणि विम्याचा हप्ता चढा. तीच क्षेपणास्त्रे किनाऱ्यापासून लांब, वाळवंटाच्या पोटात असती तर जगाने दखलही घेतली नसती. हे शंभर टक्के भूराजकीय.

कसोटी उलट बाजूनेही लागते. 2023 च्या अवर्षणात पनामा कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातुन तलावाची पातळी खालावली आणि रोज सोडायची जहाजे कमी करावी लागली. इथे भू आहे, राजकारण नाही. तरीही तेव्हाच्या लेखांत 'भूराजकीय संकट' हा शब्दप्रयोग सापडेल. 1999 च्या अखेरीस पनामाकडे सोपवलेला हाच कालवा परत घ्यायची भाषा डोनाल्ड ट्रम्प यांनी 2024 च्या डिसेंबरात सुरू केली, तेव्हा मात्र तो शब्द तिथे शोभू लागला.

दुर्मीळ मृदा खनिजांचे उदाहरण जरा अवघड आहे. नाव दुर्मीळ असले तरी ही मूलद्रव्ये अनेक देशांच्या जमिनीत आहेत. चीनचा जोर आहे तो ती वेगळी करून शुद्ध करण्याच्या कारखान्यांवर. एप्रिल 2025 मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि वाहन उद्योगापासून शस्त्रनिर्मितीपर्यंत सगळ्यांची धावपळ उडाली. हे भूराजकीय म्हणायचे का? माझ्या मते 'भू-आर्थिक' अधिक नेमके, कारण पकड खाणीइतकीच, किंबहुना जास्त, भट्टीवर आहे. कोणी दोन्ही शब्द वापरले तर मी भांडणार नाही.

'सामरिक' हा समर म्हणजे युद्ध यावरून आला. भूसामरिक म्हणजे लष्करी दृष्टीने जागेचे महत्त्व: तळ कुठे, पाणबुडी लपते कुठे, रसद कोणत्या खिंडीतून जाते. त्याचा वापर तेवढ्यापुरताच ठेवावा. 'स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप'चे भाषांतर 'सामरिक भागीदारी' असे केले की वाचकाला लष्करी करार झाला असे वाटते. प्रत्यक्षात त्या कागदावर बंदरे, ऊर्जा, शिक्षण असे काहीही असते आणि एकमेकांसाठी लढण्याचे वचन बहुधा नसते. तिथे 'व्यूहात्मक' किंवा साधे 'धोरणात्मक' बरे.

आता चोक पॉइंट. 'गळा आवळणारा बिंदू' छापाची भाषांतरे करण्याची गरजच नाही, कारण मराठीत 'नाका' आहे. जिथून गेल्यावाचून गत्यंतर नाही, जिथे पहारा बसवता येतो, जकात घेता येते, ती जागा म्हणजे नाका. आणि असे नाके बंद करणे म्हणजे नाकेबंदी. 'सागरी नाकेबंदी' आपण सहज म्हणतो, मग 'सागरी नाका' म्हणायला अडचण कसली? जकातीचा अर्थही इथे वाया जात नाही. बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी, एरेसुंडच्या सामुद्रधुनीत, डेन्मार्कने 1429 पासून 1857 पर्यंत ये-जा करणाऱ्या जहाजांकडून खरोखरच जकात वसूल केली. आज नैसर्गिक सामुद्रधुनीतून नुसते जाण्याबद्दल पैसे घेता येत नाहीत. सुएझ आणि पनामा हे खोदलेले कालवे, म्हणून तिथे पथकर लागतो.

पर्शियन आखाताच्या तोंडाशी असलेला होर्मुझचा नाका जरा तपशिलात पाहण्यासारखा आहे. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी 40 किलोमीटरहूनही कमी. 1982 च्या समुद्र कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून 12 सागरी मैल ही त्या देशाची प्रादेशिक जलसीमा. एक सागरी मैल 1,852 मीटरचा, म्हणजे दोन्हीकडचे 12 मिळून सुमारे 44 किलोमीटर. थोडक्यात, त्या अरुंद भागात खुला समुद्र उरतच नाही. म्हणून करारात अशा सामुद्रधुन्यांसाठी वेगळी तरतूद आहे. प्रादेशिक जलसीमेतली नेहमीची 'निरुपद्रवी ये-जा' किनाऱ्यावरचा देश सुरक्षेसाठी काही काळ थांबवू शकतो, आणि तिथे पाणबुडीला पाण्यावर येऊन ध्वज दाखवावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतला 'पारगमनाचा हक्क' मात्र रोखता येत नाही. मेख अशी, की इराणने या करारावर सही केली पण त्याला अंतिम मंजुरी दिली नाही, आणि हा हक्क ज्यांनी करार स्वीकारला त्यांनाच, असे म्हणणे मांडले. अमेरिकेने तर सहीच केलेली नाही, तरी हा हक्क रूढीनेच सगळ्यांना आहे असा तिचा आग्रह.

2024 मध्ये या नाक्यातून रोज सुमारे 2 कोटी पिंपे तेल जात होते, म्हणजे जगाच्या वापराच्या जवळजवळ एक पंचमांश. बगल देणारे मार्ग आहेत: सौदी अरेबियाची तांबड्या समुद्रावरच्या यानबूपर्यंतची पाइपलाइन आणि संयुक्त अरब अमिरातीची होर्मुझबाहेरच्या फुजैराह बंदरापर्यंतची, रोजच्या सुमारे 15 लाख पिंपांची. दोन्ही मिळूनही सगळे तेल वळवता येत नाही, आणि कतारच्या द्रवरूप वायूला तर दुसरी वाटच नाही. यानबूहून आशियाकडे निघालेल्या जहाजाला पुढे बाब-अल-मंदेब लागते हेही लक्षात घ्या. एक नाका चुकवला की दुसरा समोर.

नाकेबंदी हा शब्दही जपून वापरावा. आंतरराष्ट्रीय कायद्यात ती युद्धाची कृती ठरते. म्हणूनच 1962 मध्ये क्यूबाभोवती युद्धनौका उभ्या करताना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'ब्लॉकेड' न म्हणता 'क्वारंटाइन' म्हटले. निर्बंध घालणे म्हणजे नाकेबंदी नव्हे. 2022 मध्ये तुर्कीने 1936 च्या माँट्रो करारानुसार काळ्या समुद्राकडे नेणाऱ्या बॉस्फरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुन्या युद्धनौकांसाठी बंद केल्या, तीही नाकेबंदी नव्हे. नाकेदाराने कराराने मिळालेला अधिकार वापरला, एवढेच.

'खाडी देश' ही उघड चूक आहे. हिंदीत खाड़ी म्हणजे गल्फ. मराठीत खाडी म्हणजे जिथे भरतीचे पाणी आत शिरते तो चिंचोळा फाटा. आपल्याकडे 'गल्फ'ला आखात आणि 'बे'ला उपसागर हे शब्द आहेत. म्हणून आखाती देश, आणि बंगालचा उपसागर. सामुद्रधुनीतला 'धुनी' म्हणजे संस्कृतात नदी. दोन किनाऱ्यांमधून नदीसारखा वाहणारा समुद्र, इतका नेटका शब्द असताना 'स्ट्रेट' लिहिणाऱ्यांचे नवल वाटते.

राहिले 'सत्तांतर'. मराठीत सत्तांतर म्हणजे एकाच देशात किंवा राज्यात एक सरकार जाऊन दुसरे येणे. जगाला सरकार नाही, मग सत्तांतर कोणाचे होणार? 'पॉवर शिफ्ट'साठी आपल्याकडे 'बलाबल' आहे, आणि तो निवडणुकीतल्या पक्षांपुरता का अडकून पडला कळत नाही. बल अधिक अबल: कोणाचे जास्त, कोणाचे कमी. सामर्थ्य हे नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत असते, ही आंतरराष्ट्रीय संबंधांतली पहिली गोष्ट या शब्दाच्या पोटातच आहे. तुलना म्हटली की माप सांगावे लागते. खरेदीशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे तेवढ्याच पैशात त्या देशात किती वस्तू येतात ते धरून, चीनची अर्थव्यवस्था गेल्या दशकातच अमेरिकेपुढे गेली. चालू विनिमय दराने ती अजून मागे आहे. 'चीनने अमेरिकेला मागे टाकले' एवढेच लिहिणारा अर्धे वाक्य लिहितो.

भूगोल तोच राहून बलाबल बदलते, याला फिनलंड चांगले उदाहरण. रशियाशी असलेली त्याची सरहद्द सुमारे 1,340 किलोमीटरची आहे. एप्रिल 2023 मध्ये तो नाटोत गेला आणि त्या दिवशी नाटोची रशियाला भिडलेली सरहद्द दुपटीहून जास्त झाली. एक इंचही जमीन कोणाकडे गेली नाही. पुढच्या वर्षी स्वीडनही गेला, आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावर रशिया सोडून सगळे एका गटात आले.

बलाबल बदलले की नकाशावरची नावेही सरकतात. 'मध्यपूर्व' हे नाव लंडनकडून पाहिले तरच पूर्व. 1902 मध्ये ते रूढ केले अमेरिकी नौदल अधिकारी आल्फ्रेड महान यांनी. 'पश्चिम आशिया' हे जास्त सरळ, फक्त इजिप्त किंवा लिबिया गृहीत धरायचे असतील तर 'उत्तर आफ्रिका' जोडायला विसरू नये. 'हिंद-प्रशांत' हे तर डोळ्यांदेखत रुजलेले नाव: अमेरिकेने 2018 च्या मे महिन्यात आपल्या प्रशांत महासागरी लष्करी विभागाच्या नावातच 'हिंद' घातले.

लेखनाबद्दल एक ओळ. भूराजकीय, भूसामरिक हे सामासिक शब्द, सलग लिहावेत. मधली आडवी रेघ नको. 'भू-आर्थिक'ला मात्र ती द्यावी, नाहीतर संधी करून 'भ्वार्थिक' लिहिणारा एखादा पंडित निघेल.

तर मूळ वाक्य असे लिहिता येईल: 'देशांचे परस्परांतील बलाबल बदलत असताना, आखाती देशांतले तेल ज्या सागरी नाक्यांतून बाहेर पडते त्यांच्यावर पकड कोणाची, हा प्रश्न पुन्हा कळीचा झाला आहे.' यात भूराजकीय, भूराजनैतिक आणि भूसामरिक यांपैकी एकही शब्द लागला नाही.