'फ्रॉम झीरो' : समीक्षकांचे खरे की जुन्या चाहत्यांचे?

तुमचा प्रश्न असा आहे की, लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या 'फ्रॉम झीरो' या अल्बमचे समीक्षकांनी बऱ्यापैकी स्वागत केले असताना सांगलीतली तुमची मित्रमंडळी मात्र 'चेस्टर (बँडचा दिवंगत गायक) नाही तर हा बँडच नाही' असे का म्हणतात, आणि यात खरे कोणाचे मानायचे. माझे मत असे की दोन्हीकडची चर्चा एकाच गोष्टीभोवती, म्हणजे एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेच्या आवाजाभोवती फिरत राहिली, आणि त्या गदारोळात या अल्बमचा खरा गुण आणि खरा दोष दोन्ही बाजूला पडले.

चाहत्यांची नाराजी समजून घ्यायची तर २०१७ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात आलेल्या 'वन मोअर लाइट'वर जुने चाहते अक्षरशः तुटून पडले होते; गिटार कुठे गेली, हे तर निव्वळ पॉप झाले, अशी ओरड होती आणि समीक्षकांनीही अल्बमला फारसे चांगले म्हटले नव्हते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० जुलै रोजी, चेस्टर बेनिंग्टनचे निधन झाले आणि ज्यांनी ती गाणी झिडकारली होती तेच ती डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागले. आजच्या रागात त्या वेळच्या अपराधी भावनेचाही वाटा आहे, असे मला मनापासून वाटते. अशा दुःखाला 'अल्बम चांगला आहे' हे उत्तर होऊ शकत नाही, म्हणून त्या मित्रांशी वाद घालू नका.

मात्र एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. चेस्टर या बँडचा पहिला गायक नव्हता. १९९६ मध्ये हा बँड 'झीरो' या नावाने सुरू झाला तेव्हा मार्क वेकफिल्ड गात असे; चेस्टर १९९९ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी 'हायब्रिड थिअरी' हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. नव्या अल्बमचे नाव त्या जुन्या नावाकडेच बोट दाखवते. गायक बदलल्यावर बँड तोच राहतो का, हा प्रश्न आपल्या भागाला तर मुळीच नवा नाही. संगीत नाटकांतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले तेव्हा त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी संपली असे म्हणणारे कमी नसणार. पण १९०५ मध्ये मिरजेत नारायणराव राजहंस शकुंतलेच्या वेशात उभे राहिले आणि पुढे बालगंधर्व म्हणून त्यांनी त्याच मंडळीला नवे वैभव दिले. भाऊरावांची नक्कल करून हे साधले नसते.

एमिली आर्मस्ट्राँगही नक्कल करत नाही, आणि अल्बमचा खरा गुण इथेच आहे. 'द एम्प्टिनेस मशीन' हेडफोन लावून नीट ऐका. पहिले कडवे आणि पहिले धृपद बँडचा सुरुवातीपासूनचा गायक-रॅपर माइक शिनोदा एकटाच गातो. ज्याचा आवाज आपण वर्षानुवर्षे ओळखतो तो आधी आपल्याला घरात घेतो, आणि दुसऱ्या कडव्याला एमिली येते तेव्हा ती परकी वाटत नाही. ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. 'हेवी इज द क्राउन'मधली तिची लांबलचक किंकाळी तर सर्वांच्याच लक्षात राहिली, पण मला 'ओव्हर इच अदर' अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तिथे मुख्य गायन पूर्णपणे तिचे आहे आणि तिला ओरडून काही सिद्ध करावे लागत नाही.

दोष सांगायचा तर तो अतिसावधपणाचा. 'टू फेस्ड'मधली रेकॉर्ड घासल्याची खरखर आणि तुटक गिटार थेट २००० सालच्या लिंकिन पार्कची आठवण करून देतात, आणि ती आठवण करून देण्यासाठीच त्या तिथे ठेवल्या आहेत. ज्या बँडने २००७ मध्ये 'मिनट्स टु मिडनाइट' आणि २०१० मध्ये 'अ थाउजंड सन्स' काढून चाहत्यांची नाराजी ओढवून घेतली, पण वाट बदलली, त्याने इथे ओळखीचीच वाट धरली. अकरा गाणी जेमतेम बत्तीस मिनिटांत संपतात. 'कॅज्युअल्टी'सारखे रांगडे, हार्डकोर (पंक रॉकचा अधिक आक्रमक प्रकार) वळणाचे गाणे सुरू होऊन रंगात येते न येते तोच थांबते. 'सुरक्षित' हा काही समीक्षकांचा शेरा मला म्हणूनच पटतो. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, पण त्यावरून या मुद्द्याचा निकाल लागत नाही.

एमिलीचे पूर्वी ज्या काही व्यक्ती-संस्थांशी संबंध होते त्यांवरून जे आक्षेप घेतले गेले, त्यांतल्या एकावर तिने स्वतः निवेदन दिले आहे. ज्यांचे त्याने समाधान झाले नाही त्यांचा आक्षेप गंभीर आहे. पण तो गाण्यांबद्दलचा आक्षेप नाही, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये.

तुम्ही स्वतः अल्बम ऐकणार असाल तर सुटी गाणी न ऐकता सलग ऐका आणि शेवटच्या 'गुड थिंग्ज गो'पाशी थोडे थांबा. त्यात शिनोदाचे रॅप आणि एमिलीचे धृपद एकमेकांना जागा देत पुढे सरकतात, आणि जुन्या कोणत्याही गाण्याची आठवण न होता ते ऐकता येते. मे २०२५ मध्ये याच अल्बमची तीन नवी गाणी घातलेली आवृत्ती आली, तीही त्यानंतर ऐका. मित्रांना ऐकवायची असेल तर सुरुवात 'टू फेस्ड'ने न करता 'गुड थिंग्ज गो'ने करा.