विशेषणं खोड, बदल शोध

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

भयपटांवरचा तुझा लेख वाचला. चित्रपट तू मन लावून पाहिले आहेस हे कळतं. पण 'द्रष्टा', 'प्रतिभावंत' अशी विशेषणं जागोजागी पेरली आहेस, आणि त्या प्रतिभेमुळे नेमकं काय बदललं ते लेख संपला तरी सापडत नाही. मला तेवढंच हवं होतं.

भयपटाला येणाऱ्या प्रेक्षकाला बरंच काही आधीच ठाऊक असतं: कोण मरणार, कोण वाचणार, भीती कुठून येणार. मोठा दिग्दर्शक यातली एखादीच खात्री काढून घेतो. हिचकॉकने १९६० साली 'सायको'त जॅनेट लीसारख्या नामवंत अभिनेत्रीला चित्रपट निम्म्यावर येण्याआधीच मारून टाकलं. तू इथेच थांबलीस. पुढची गोष्ट जास्त मोलाची आहे. त्या काळी अमेरिकेत लोक खेळ चालू असताना केव्हाही आत शिरत. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकने आग्रह धरला आणि त्याचीच जाहिरात केली. म्हणजे गोष्टीबरोबर त्याने बघण्याची सवयही बदलली. आणि हो, न्हाणीघरातल्या त्या प्रसंगाला त्याला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही ते रचलं, हिचकॉकने ऐकलं आणि मत बदललं. तुझ्या लेखात हर्मनचं नावही नाही. दिग्दर्शकाच्या नावाखाली कोण कोण झाकलं गेलंय, ते दर वेळी तपासत जा.

त्याच वर्षी, 'सायको'च्या थोडं आधी, ब्रिटनमध्ये मायकल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' आला. तिथेही एकलकोंडा तरुण खुनी. समीक्षक पॉवेलवर तुटून पडले आणि मायदेशातली त्याची कारकीर्द पुन्हा कधी नीट उभी राहिली नाही. हिचकॉक मात्र आणखी मोठा झाला. का? मला वाटतं, टीव्हीमुळे हिचकॉक घराघरांत पोचला होता, त्याचा मिश्कील भेसूरपणा लोकांच्या अंगवळणी पडला होता. पॉवेलकडून हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. शिवाय त्याने बघणाऱ्यालाच खुन्याच्या कॅमेऱ्यामागे उभं केलं. पुढे मार्टिन स्कॉर्सेसीसारख्या दिग्दर्शकांनी उचलून धरलं, तेव्हा कुठे त्या चित्रपटाला मान मिळाला.

जॉर्ज रोमेरोची गोष्ट तर आणखी गमतीची. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव ऐनवेळी बदललं आणि त्या गडबडीत स्वामित्वहक्काची ओळच गळाली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सगळ्यांचा झाला, कुणीही दाखवावा. त्यात निर्मात्यांचं नुकसान झालं, पण माणसं खाणारी, डोक्यावर घाव बसल्याशिवाय न थांबणारी प्रेतं जगभर पसरली. नायक ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय. चाचणीत तोच सर्वांत चांगला ठरला म्हणून घेतला, एवढंच रोमेरो सांगायचा. पण शेवटी प्रेतांपासून वाचलेल्या या नायकाला गोरे लोकच गोळी घालतात. कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्याच वर्षी आलेल्या त्या शेवटात लोकांना वंशद्वेष दिसला, आणि तो दिसण्याजोगा आहेच. तेव्हा दिग्दर्शकाच्या मुलाखतीवर सगळा अर्थ टांगू नकोस.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून इटलीच्या लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला, तो भाग चांगला उतरलाय. फक्त त्याला 'देवाणघेवाण' म्हणताना 'योजिम्बो'च्या तोहो कंपनीने लिओनेच्या चित्रपटाविरुद्ध दावा लावला होता, हेही सांग.

जॉन कार्पेंटरवरचा परिच्छेद मात्र पुन्हा लिहायला हवा. भेसूर परग्रहवासीयाचा त्याचा 'द थिंग' पहिल्या दिवसापासून वाखाणला गेला असं तुझ्या लेखावरून वाटतं. प्रत्यक्षात १९८२च्या त्या उन्हाळ्यात लोक 'ई.टी.'तल्या गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात होते आणि कार्पेंटरवर किळसवाणेपणाचा शिक्का बसला. चाहते मिळाले ते नंतर, बरेचसे व्हिडिओ कॅसेटवर. तेव्हाची परीक्षणं मिळव, मग पुढच्या दशकातली वाच, आणि मधल्या काळात इतरांनी त्यातून काय उचललं ते बघ. फसलेल्या नकला आधी पाहा. मुळातलं काय उचलता येत नाही, ते तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

नवा मसुदा झाला की पाठव. लांबी वाढली तरी चालेल.

तुझा,
सर