चार स्पीकर, एक अ‍ॅम्प: आधी मागची पाटी वाचा

तुमचं पत्र मिळालं: मंगळवार पेठेतलं घर, खाली हॉल, वर माडी, दोन चॅनेलचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि 8 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) चार स्पीकर. त्यातले दोन एका कंपनीचे, दोन दुसऱ्या कंपनीचे. चारही या एकाच अ‍ॅम्पवर कसे जोडायचे, हा तुमचा प्रश्न. दुकानदार म्हणतोय, "लाल लालला, काळी काळीला पिळा, वाजतंय." वाजतंय हो, खोटं नाही. किती दिवस, ते बघू.

तो सांगतोय ते पॅरलल, म्हणजे दोन्ही स्पीकर अ‍ॅम्पच्या त्याच दोन टर्मिनलवर. एका चॅनेलवर 8 ओहमचे दोन असे जोडले की अ‍ॅम्पला 4 ओहम दिसतात. आवाजाचं बटण तिथंच असलं तरी करंट दुप्पट, म्हणजे तापणंही वाढलं. तुम्हीच लिहिलंय की अ‍ॅम्पच्या मागे, स्पीकर जोडायच्या ए आणि बी अशा दोन जागांपाशी, "ए किंवा बी: 6 ते 16 ओहम, ए + बी: 12 ते 16 ओहम" असं छापलंय. मग उत्तर तिथंच आहे की! ए आणि बी एकदम चालू केले की हा अ‍ॅम्प आतून पॅरललच जोडतो. 12 चे दोन मिळून 6 होतात, ती त्याची खालची हद्द. तुमचे 8 चे दोन मिळून 4. सकाळी भक्तिगीतं हळू आवाजात लावलीत तर काही होणार नाही. गणपतीत घर भरल्यावर बटण पिळलंत की मात्र प्रोटेक्शन रिले (अ‍ॅम्पला वाचवायला स्पीकर तोडणारा आतला स्विच) "टक्" करून आवाज बंद करेल. रिले नसलेल्या जुन्या अ‍ॅम्पात स्पीकरना पॉवर देणारे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात, आणि त्यांचे असली नग आता सहज मिळत नाहीत.

सिरीजमध्ये, म्हणजे दोन स्पीकर एकामागे एक जोडले तर, 16 ओहम होतात, अ‍ॅम्प सुखी. पण पॉवर निम्मी निघते आणि तीही दोघांत वाटली जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे 8 हा आकडा नावापुरता असतो. स्पीकरचा अडथळा सुरागणिक बदलतो, खर्जात एखाद्या जागी 30 ओहमच्याही वर जातो. दोन वेगळ्या कंपन्यांचे सिरीजमध्ये टाकले की एकाच्या चढउतारानं दुसऱ्याचा आवाज बिघडतो. तुमच्या जोड्या वेगळ्या आहेत, म्हणून हा मार्ग सोडा.

मी असतो तर हॉल ए वर, माडी बी वर, आणि एका वेळी एकच चालू. दोन्हीकडे एकदम हवंच असेल तर माडीसाठी दुसरा छोटा अ‍ॅम्प घ्या, पहिल्याच्या शेजारी ठेवा आणि रेकॉर्ड आउटमधून (टेप रेकॉर्डरसाठी मागे असलेल्या जोडणीतून) सिग्नल द्या. तो सिग्नल पहिल्याच्या व्हॉल्यूमवर अवलंबून नसतो, त्यामुळे माडीचा आवाज स्वतंत्र राहतो. कमी-जास्त करायला जिना उतरावा लागेल, तेवढा व्यायाम बरा.

वायर. जिन्यातून माडीपर्यंत 12 मीटर म्हणताय, म्हणजे जाऊन-येऊन 24. पाऊण चौरस मिलिमीटरची घेतलीत तर वायरचाच अडथळा जवळपास 0.6 ओहम होतो. स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे 8 ला 0.4 च्या आत, तो राहावा असा साधा हिशोब आहे. दीडची घ्या, 0.3 च्या आत काम होतं. घरच्या फिटिंगची चांगली तांब्याची बहुतारी वायर चालते, शोरूममधली महागडी नको. घेण्याआधी एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम. लाइटच्या पाइपातून मात्र ही वायर ओढू नका.

टोकं सोलल्यावर घट्ट पिळा. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट झालंच समजा. आणि जोडताना अ‍ॅम्प बंद, नुसता म्यूट नव्हे.

प्लस-मायनसची शंका असेल तर अ‍ॅम्पकडची टोकं सोडवून त्यांना घड्याळातला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावा. वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेर उसळला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. हे चारही स्पीकरना करा. एक जरी उलटा राहिला तर बास गायब होतो, आणि माणसं दोष अ‍ॅम्पला देतात.