२०१९च्या महापुरात सांगलीतलं दुकान बुडालं. हवामानबदलाला हातभार लावणाऱ्या कंपन्यांकडून भरपाई मागता येते का?

मागता येते, पण पदरात पडणं महाकठीण. अडचण पुराव्याची आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आता त्यातलं किती हवामानबदलामुळे, किती धरणांच्या विसर्गामुळे आणि किती पूररेषेत आपणच केलेल्या बांधकामांमुळे, हे कोर्टात वेगळं करून कसं दाखवणार? (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून आपल्याकडे अजून वाद संपलेला नाही!)

पेरूतल्या एका शेतकऱ्याने २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला. हिमनदी वितळून वरचा तलाव फुगतोय, बंदोबस्ताच्या खर्चातला कंपनीचा वाटा द्या, एवढीच मागणी. रक्कम सुमारे १७,००० युरो. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाम इथल्या कोर्टाने दावा फेटाळला, कारण त्याच्या घराला तेवढा धोका सिद्ध झाला नाही. पण मोठे उत्सर्जक (हरितगृह वायू सोडणाऱ्या कंपन्या) तत्त्वतः जबाबदार ठरू शकतात, हेही कोर्टाने मान्य केलं. माझ्या मते खरी कमाई ती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये धरला. त्यातून थेट पैसे मिळत नाहीत. हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) भरपाई मागायची मुदत ५ वर्षं, म्हणजे २०१९साठी ती वाट जवळपास बंदच.

तेव्हा पुढच्या वेळी पाणी ओसरलं की चिखल काढायच्या आधी फोटो घ्या, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि दुकानाच्या विम्यात पूर धरलाय का, ते आजच बघा.