शंकरपाळी तिरकी का होतात?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या यंत्रमागावर काम करतो आणि नववीतल्या मुलीबरोबर रात्री पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतो. टर्टल (पडद्यावर कासव फिरवून चित्र काढण्याची पायथॉनमधली सोय) वापरून आम्ही चादरीवरची शंकरपाळ्यांची नक्षी काढायला घेतली. त्याच त्या सूचना उतरवून प्रोग्राम दोनशे ओळींच्या पुढे गेला, म्हणून मुलीने एका शंकरपाळ्याचे फंक्शन (नावाने बोलावता येणारा सूचनांचा गट) केले. आता प्रत्येक शंकरपाळे आधीच्यापेक्षा उजवीकडे कलते; गंमत म्हणजे तेरावे पुन्हा पहिल्यासारखे सरळ येते. कापड मागावर पुढे सरकते तशी नक्षी सरकवण्यासाठी आम्ही ट्रेसर शून्य करून न संपणारे लूप (त्याच सूचनांच्या फेऱ्या) लावले, तर विंडो कोरीच राहते आणि फुलीवर क्लिक करूनही बंद होत नाही. काय चुकते?
– एक यंत्रमाग कामगार, सोलापूर

उत्तर : तेरावे शंकरपाळे सरळ येते हे आपण नोंदवले नसते, तर मला अंदाजानेच उत्तर द्यावे लागले असते. ३६० ला १२ ने भागले की ३० येतात. म्हणजे प्रत्येक फेरीत कासव नेमके ३० अंश उजवीकडे वळलेले राहते आणि बारा फेऱ्यांनंतर, तेराव्या शंकरपाळ्याच्या वेळी, मूळ दिशेला येते. हे ३० अंश कुठून आले असावेत, ते पाहू. शंकरपाळ्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची, तर कासवाला आधी ३० अंश उजवीकडे वळवावे लागते. मग एक बाजू पुढे जाऊन ६० अंश डावीकडे, दुसरी बाजू काढून १२० अंश डावीकडे, आणि हेच पुन्हा एकदा. या चार वळणांची बेरीज ३६० होते, म्हणून आकृती मिटते. पण सुरुवातीचे ३० अंश तसेच उरतात. फंक्शनच्या शेवटी ३० अंश डावीकडे वळण्याची एक ओळ घाला, म्हणजे तक्रार मिटेल. फंक्शनने काम संपल्यावर कासव ज्या जागी आणि ज्या दिशेला मिळाले तसेच परत ठेवावे, हा नियम मुलीला आत्ताच लावून द्यावा. स्वयंपाकघरात शेजारणीचा झारा घेऊन तो तिसऱ्याच खुंटीला अडकवला, तर चूक आपली असते आणि शोधाशोध तिची होते. इथेही चूक एका फंक्शनमध्ये असते आणि दिसते मात्र पुढच्या चित्रात.

फंक्शनला तीन गोष्टी बाहेरून मिळू द्याव्यात : डाव्या टोकाचे आडवे स्थान, उभे स्थान आणि बाजूची लांबी. बाजू ४० असेल, तर या आकाराची उंची बरोबर ४० आणि रुंदी ४० च्या १.७३ पट, म्हणजे सुमारे ६९ भरते. म्हणून दोन शंकरपाळ्यांमध्ये आडवे ७० आणि दोन रांगांमध्ये उभे ४० एवढे अंतर धरा. एका रांगेत आठ हवी असतील, तर आतले लूप ० ते ७ मोजते आणि स्थान येते उणे २८० अधिक ७० गुणिले तो अंक. बाहेरचे लूप दहा रांगा मोजते. ऐंशी शंकरपाळी सात-आठ ओळींत होतात, आणि नक्षी मोठी करायची झाली तर एकच आकडा बदलतो. रांगा एकमेकींत गुंतवायच्या असतील, तर विषम क्रमांकाची रांग ३५ ने सरकवा आणि उभे अंतर ४० ऐवजी २० करा. तेवढीच जागा भरायला रांगांची संख्या मात्र दुप्पट करावी लागेल.

आता विंडोबद्दल. ट्रेसर शून्य केला की आपण ‘अपडेट’ म्हणेपर्यंत पडद्यावर काही उमटत नाही. आपले लूप अखंड फिरत राहिल्याने विंडोला क्लिककडे पाहायला उसंतच मिळत नाही. लूपमध्ये अपडेटची ओळ घातली तर चित्र दिसेल; पण त्यातच थोडे थांबण्याची सूचनाही असेल, तर तेवढा वेळ विंडो बहिरीच राहील, आणि ती बंद केली तर लूप नसलेल्या विंडोवर चित्र काढायला जाऊन एररचा ढीग टाकेल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : नक्षी मांडताना लूप आपले असावे, नक्षी हलवताना ते विंडोच्या स्वाधीन करावे. एक फंक्शन असे लिहा, जे आधीचे चित्र पुसते, सरकण्याचा आकडा एकाने वाढवते, सगळी नक्षी काढते, एकदा अपडेट करते आणि शेवटी ऑनटायमरला सांगते की ४० मिलिसेकंदांनी मला पुन्हा बोलाव. ते एकदा आपण बोलवायचे आणि प्रोग्रामच्या अखेरीस मेनलूप, म्हणजे विंडोचे स्वतःचे लूप, सुरू करायचे. यातून सेकंदाला जास्तीत जास्त २५ चित्रे मिळतात. चित्र काढायला लागणारा वेळ या ४० मध्ये मिळवावा लागतो, त्यामुळे जुन्या संगणकावर नक्षी सावकाश सरकेल.

इथे नवशिके एका कंसापायी हमखास अडखळतात. ऑनटायमरला फंक्शनचे फक्त नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लावले, की ते नंतर नव्हे, त्याच क्षणी चालते, ते स्वतःला पुन्हा बोलावते, आणि साधारण हजार पायऱ्या खोल गेल्यावर पायथॉन ‘मॅक्सिमम रिकर्शन डेप्थ’ ओलांडल्याची तक्रार करून थांबते. सरकण्याचा आकडा फंक्शनच्या बाहेर ठेवलेला असल्यास आत त्याला ‘ग्लोबल’ म्हणायलाही विसरू नका.

तो आकडा वाढतच गेला तर नक्षी विंडोबाहेर निघून जाईल. त्यावरचा उपाय आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असावा. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जे यंत्र मागावर बसवले, त्यात प्रत्येक आडव्या धाग्यासाठी छिद्रांचा एक पुठ्ठा असे : छिद्र असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा उचलला जाई, नसेल तिथला खालीच राही. पुठ्ठे एकमेकांना ओवून शेवटचा पहिल्याला बांधलेला असे, त्यामुळे नक्षी संपली की आपोआप पुन्हा सुरू होई. ती माळ म्हणजे अक्षरशः लूपच. आपल्या नक्षीत दर ४० पिक्सेलनंतर तेच रूप येते, म्हणून सरकण्याच्या आकड्याला ४० ने भागून उरणारी बाकी तेवढी ठेवा. आकडा ३९ वरून ० वर उडी मारतो, पण डोळ्याला सांधा दिसत नाही. नक्षी वर सरकत असेल तर खाली जास्तीची एक रांग काढा (गुंतवलेली असल्यास दोन), नाहीतर तळाशी फट उघडते.

प्रश्न : माझ्या सहावीतल्या नातवाला इंग्रजी स्पेलिंगचा कंटाळा येतो. फंक्शनची नावे मराठीत देता येतात का?
– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : पायथॉन ३ मध्ये देता येतात. ‘पतंग’ नावाचे फंक्शन बिनतक्रार चालते. डेफ, फॉर, इफ हे शब्द मात्र इंग्रजीच राहतात. शुद्धलेखनात सवलत नाही, हे आपल्याला आवडेल : एकदा ‘पतंग’ आणि पुढे ‘पतन्ग’ लिहिले, तर पायथॉन ती दोन वेगळी नावे मानून दुसरे सापडत नाही असे सांगेल. अंकांची गोष्ट वेगळी आहे. वापरणाऱ्याने टाइप केलेला देवनागरी ५ इंट वापरून संख्येत बदलता येतो. प्रोग्रामच्या ओळीत थेट तो लिहिला, तर चूक दाखवली जाते. तेव्हा वरच्या उत्तरातले ३०, ४० आणि ७० नातवाला इंग्रजी अंकांतच टाइप करायला सांगावे.